‘देवदास’: कादंबरी आणि तीन चित्रपट शेजारी ठेवून कसे बघावेत?

प्रश्न: एरंडवणे_वाचनकट्टा

आमच्या वाचनकट्ट्याने पुढच्या महिन्यासाठी शरच्चंद्रांची ‘देवदास’ निवडली आहे. सगळ्यांनी कादंबरी वाचून यायचं आणि मग बिमल रॉय (१९५५), संजय लीला भन्साळी (२००२) आणि अनुराग कश्यप यांचा ‘देव डी’ (२००९) यांची तुलना करायची, असा बेत आहे. हाताशी चार शनिवार आहेत, दर वेळी अडीच तास. सोसायटीचा हॉल, प्रोजेक्टर आणि दोन स्पीकर. माणसं वीस-पंचवीस, कॉलेजातल्या मुलांपासून सत्तरी ओलांडलेल्यांपर्यंत.

तिन्ही चित्रपट पूर्ण दाखवले तर बोलायला वेळच उरत नाही. शिवाय अशा चर्चा ‘दिलीपकुमार की शाहरुख’ इथे येऊन थांबतात, नाहीतर ‘मूळ कादंबरीशी प्रामाणिक कोण’ याचे गुण वाटण्यात संपतात. काय दाखवावं, कुठल्या क्रमाने दाखवावं आणि लोकांना नेमकं काय बघायला सांगावं? जाणकारांनी तपशिलात सांगितलं तर फार मदत होईल.

---

उत्तर १: पडद्यामागे

पूर्ण चित्रपट हॉलमध्ये दाखवू नका. १९५५ चा सुमारे दोन तास चाळीस मिनिटांचा आहे, २००२ चा तीन तासांच्या आसपास. तुमच्या अडीच तासांत दोन्ही बसत नाहीत. ते सभासदांनी घरी बघून यावेत आणि हॉलमध्ये फक्त निवडक प्रसंग घ्यावेत. प्रत्येक प्रसंगासाठी आधी कादंबरीतला उतारा कुणीतरी मोठ्याने वाचायचा, मग तोच प्रसंग एका चित्रपटातून, लगेच दुसऱ्यातून. एका प्रसंगाला पाऊण तास धरला तर एका बैठकीत तीन नीट होतात. चौथा घातलात की शेवटची चर्चा चपलांच्या रॅकपाशी होते.

कोण प्रामाणिक हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याऐवजी प्रत्येक प्रसंगाला एकच प्रश्न विचारा: इथे निर्णय कोणाच्या हातात आहे? देवदासच्या, पार्वतीच्या, घराच्या की नशिबाच्या? दिग्दर्शकांनी केलेले जवळजवळ सगळे मोठे बदल या प्रश्नाने उलगडतात. माझी निवड अशी.

पहिलं, बालपण. कादंबरी १६ प्रकरणांची आहे आणि सुरुवातीची प्रकरणं पाठशाळा, बागेत लपून ओढलेला हुक्का, पार्वतीने पदरात लपवून आणलेले मुरमुरे यांत जातात. देवदास तिला मारतो, ती रडते आणि पुन्हा त्याच्याच मागे जाते. तीन वैष्णवींना तिने तीन रुपये देऊन टाकले तो छोटा प्रसंग जरूर वाचा. दोघांच्या स्वभावाचं माप तिथे एका पानात मिळतं. बिमल रॉय हा भाग सविस्तर घेतात, बेबी नाझसारख्या बालकलाकारांकडून, आणि भजन गात फिरणाऱ्या जोडीला गीता दत्त व मन्ना डे यांच्या आवाजात गाणं देतात. भन्साळी विलायतेहून परतणाऱ्या देवदासच्या बातमीने सुरुवात करतात आणि बालपण आठवणींच्या तुकड्यांत ठेवतात. परिणाम पुढे दिसतो. बालपणीची मारहाण आधी दिसली असेल, तर नंतर कपाळावर बसणारा घाव जुन्याच सवयीचा पुढचा टप्पा वाटतो. नसेल, तर तो एका क्षणाचा संताप वाटतो.

दुसरं, रात्रीची भेट. मध्यरात्री पार्वती एकटी देवदासच्या खोलीत जाते. कादंबरीत ती तेरा वर्षांची आहे आणि तो एकोणीसचा. हे वाचून दाखवाच, कारण पडद्यावर सुचित्रा सेन किंवा ऐश्वर्या राय पाहताना ते वय कुणाच्या ध्यानात राहत नाही. घाबरतो तो, लाज जाईल म्हणून. ती घाबरत नाही. मग तो कलकत्त्याला निघून जातो, तिथून पत्र टाकतो आणि टाकताक्षणी पस्तावतो. लग्न मोडण्याची कारणं कादंबरीत दोन थरांची आहेत. वरच्या थरात घराण्याचा उणेपणा, मुलीसाठी पैसे घेण्याची चक्रवर्ती कुटुंबातली रीत आणि शेजारचंच घर असणं. खालच्या थरात देवदासचं कचखाऊपण. १९५५ मध्ये दोन्ही थर शाबूत आहेत. २००२ मध्ये वरचा थर प्रचंड फुगतो: पारोच्या (म्हणजे पार्वतीच्या) आईचा भर समारंभात अपमान, वहिनीचे डावपेच, दोन हवेल्यांचं वैर. तेवढ्या प्रमाणात देवदासचा दोष हलका होतो. कश्यप उलट टोकाला जातात. तिथे घरातल्यांचा अडथळा दुय्यम आहे. पारोबद्दल कुणीतरी सांगितलेल्या खोट्या गोष्टीवर देव विश्वास ठेवतो, तिला हिणवतो, आणि तिथेच सगळं संपतं. ही तीन उत्तरं एकामागून एक समोर आली की चर्चा नटांवर जाणारच नाही.

तिसरं, कपाळावरचा घाव. कादंबरीत पुष्करिणीचा घाट आहे आणि हातात मासे पकडायच्या गळाची काठी. तिच्या बोलण्यातला ताठा त्याला सहन होत नाही आणि तो काठीची मूठ तिच्या कपाळावर मारतो. रोजच्या वापरातली वस्तू, रोजची जागा. भन्साळी हा प्रसंग लग्नाच्या दिवशी नेतात आणि काठीच्या जागी गळ्यातला हार आणतात. वस्तू बदलली की अर्थ बदलतो. काठीच्या घावात मालकी आणि राग दिसतो, हाराच्या घावाला शृंगाराची छटा येते. कादंबरीतली पार्वती ही खूण आयुष्यभर जपते, त्यामुळे तो राग शेवटी प्रेमाची खूण कसा होतो हा अवघड प्रश्न मुळातच आहे. त्यावर तुमच्या कट्ट्यातल्या तरुण मुलींना बोलू द्या.

चौथं, पार्वती आणि कोठ्यावरची चंद्रमुखी. कादंबरीत या दोघी कधीच भेटत नाहीत. बिमल रॉय त्यांना एका वाटेवर समोरासमोर आणतात, एक पालखीत, एक पायी. नजरानजर होते, शब्द एकही नाही, आणि दोघी आपापल्या दिशेने जातात. माझ्या मते हिंदी चित्रपटातल्या रूपांतराचा हा सर्वांत उंच क्षण आहे: कादंबरीत नसलेली गोष्ट, पण कादंबरीचं म्हणणं अधिक स्पष्ट करणारी. भन्साळी याच जागी दुर्गापूजा, आमंत्रण आणि ‘डोला रे डोला’ आणतात. कश्यप यांची चंदा तर २००२ चा ‘देवदास’ टीव्हीवर पाहून आपलं नाव ठरवते, म्हणजे रूपांतरातच मागच्या रूपांतराची आठवण गुंफली आहे.

पाचवं, शेवट. आधी वचनाचा प्रसंग दाखवा: मरण्याआधी एकदा तुझ्या दारी येईन. तो न दाखवता शेवट दाखवलात तर गाडीतून एकट्याने उतरणारा देवदास केवळ वेडा वाटतो. कादंबरीत तो पांडुआ स्टेशनवर उतरतो, त्याचा जुना नोकर धर्मदास गाडीत झोपलेला असतो, पुढे पार्वतीच्या सासरी हातीपोत्यापर्यंत बैलगाडी. जमीनदाराच्या वाड्यासमोर झाडाखाली तो मरतो. ओळख पटते ती हातावर गोंदलेल्या आद्याक्षरावरून आणि खिशातल्या पत्रांवरून. पार्वती धावते तेव्हा प्रेतही उचललं गेलेलं असतं. ती बेशुद्ध पडते आणि नोकरमाणसं तिला उचलून आत नेतात. फाटक मिटतं ते चित्रपटांत, १९५५ मध्येही आणि २००२ मध्येही. फाटक मिटवणं म्हणजे दोष समाजावर ठेवणं. कादंबरीत कुणी दार लावत नाही, तिला फक्त उशीर झालेला असतो. ‘देव डी’मध्ये मरणच नाही, देव आणि चंदा एकत्र निघून जातात.

---

उत्तर २: संकलनमेज

वरची निवड पक्की आहे. मी हॉलमधल्या व्यवस्थेचं सांगतो, कारण अशा बैठका बहुतेक वेळा तिथेच फसतात.

१९५५ च्या चित्रपटाची चौकट जवळजवळ चौकोनी आहे, रुंदी उंचीच्या १.३७ पट. आजचे प्रोजेक्टर ती ताणून रुंद पडदा भरतात. मग सुचित्रा सेन यांचा चेहरा पसरट दिसतो, कमल बोस यांच्या छायाचित्रणातले उभे खांब आणि दारांच्या चौकटी आडव्या वाटायला लागतात. प्रोजेक्टरच्या मेन्यूत चित्राचं प्रमाण मूळ ठेवा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येऊ द्यात. २००२ चा चित्रपट उलट फार रुंद आहे, २.३५ पट. टीव्हीसाठी कडा कापलेल्या प्रती फिरत असतात. त्यात नितीन चंद्रकांत देसाईंच्या सेटचा काठ जातो आणि समूहनृत्यातली टोकाची माणसं गायब होतात. या चित्रपटाच्या वर-खाली पट्ट्या दिसत नसतील तर प्रत कापलेली आहे असं समजा.

आवाज: २००२ चं ध्वनिमिश्रण अनेक स्पीकरांसाठी केलेलं आहे. दोन स्पीकरवर तसंच लावलं तर संगीत अंगावर येतं आणि संवाद बुडतात. प्लेअरमध्ये आवाज ‘स्टिरिओ’वर आणा. १९५५ च्या प्रतीत खरखर असते. तिथे आवाज वाढवण्यापेक्षा खर्ज कमी करा, संवाद सुटे ऐकू येतात.

जुन्या चित्रपटांच्या इंटरनेटवरच्या प्रतींत गाणी किंवा मधले प्रसंग उडवलेले सापडतात. आदल्या दिवशी एकूण वेळ तपासा. १९५५ ची प्रत अडीच तासांपेक्षा बरीच कमी भरत असेल तर ती वापरू नका. प्रसंगांच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेळा कागदावर मिनिट-सेकंदांसकट लिहून घ्या. ऐन वेळी पडदा पुढे-मागे सरकवत प्रसंग शोधायला लागलं की लोकांचं लक्ष तुटतं आणि वाचलेला उतारा डोक्यातून जातो.

उतारा सहा मिनिटांपेक्षा मोठा नको, चित्रफीत आठपेक्षा मोठी नको. दोन फितींच्या मध्ये बोलायचं नाही. दुसरी फीत संपल्यावर दोन मिनिटं सगळ्यांनी टिपणं लिहायची, मगच चर्चा. टिपणासाठी पाच गोष्टी पुरतात: पहिलं वाक्य कोण बोलतं, कोण उभं आहे आणि कोण बसलेलं, कॅमेरा कोणाच्या बाजूने आहे, गाणं असेल तर ते प्रसंग पुढे नेतं की थांबवतं, आणि उताऱ्यातली कुठली गोष्ट गाळली आहे.

क्रमाबद्दल: आधी १९५५, मग २००२. उलट केलंत तर रंग, झुंबरं आणि वाद्यवृंद पाहून झाल्यावर कृष्णधवल चित्रपट संथ वाटतो आणि तो दोष त्याच्या माथी मारला जातो.

---

उत्तर ३: नारायणपेठ_वाचक

क्रमाबद्दल मी सहमत नाही, आणि भन्साळींबद्दलचा वरचा सूरही मला अपुरा वाटतो.

तुमच्या कट्ट्यातल्या निम्म्या लोकांच्या डोक्यात ‘देवदास’ म्हणजे २००२ चाच आहे. कादंबरी वाचतानाही त्यांना तेच चेहरे दिसणार. मग तो शेवटी ठेवण्यापेक्षा पहिल्याच शनिवारी घ्या आणि कादंबरीशी ताडून पाहा. आपल्या मनातलं चित्र कुठून आलंय हे आधी कळलं की बिमल रॉय स्वच्छ नजरेने बघता येतात.

दुसरं म्हणजे ‘डोला रे’ला केवळ भव्यता म्हणून बाजूला काढू नका. त्या चित्रपटाची कारणसाखळी बघा. पारो कोठ्यावर जाते ती दुर्गापूजेसाठी तिथल्या अंगणातली माती मागायला. तिथून आमंत्रण, आमंत्रणातून हवेलीतलं नृत्य, त्यातून हवेलीचा जावई कालीबाबू याच्याकडून चंद्रमुखीची ओळख उघड होणं, त्यातून पारोचा भूतकाळ सासरी कळणं आणि नवऱ्याने तिला हवेलीबाहेर जायची बंदी घालणं. ते गाणं काढलं तर शेवटचं फाटक बंद होण्याचं कारणच उरत नाही. कादंबरीत योगायोग आणि उशीर जे काम करतात, ते भन्साळी घटनांच्या साखळीने करून घेतात. ही पद्धत आवडो वा न आवडो, तिच्यामागे विचार आहे. त्यांचे संवादलेखक प्रकाश कपाडिया यांनी प्रत्येक मोठ्या समारंभातून पुढची आपत्ती जन्माला घातली आहे. पारोच्या आईचा अपमानही समारंभातच होतो, हे जुळवून दाखवा.

तिथे खरी उणीव मला वेगळीच दिसते. कादंबरीतली चंद्रमुखी धंदा सोडते, दागिने विकते, अशथझुरी गावात साध्या घरात राहते, चालत देवदासच्या गावी, तालसोनापूरला, त्याची चौकशी करायला जाते आणि पुन्हा कलकत्त्यात येऊन त्याला शोधून काढते. इतकं स्वतःच्या पायांवर चालणारं पात्र कादंबरीत दुसरं नाही. २००२ मध्ये ती कोठ्यातच राहते आणि तिचं हे सगळं हिंडणं जातं. माधुरी दीक्षितचा अभिनय आणि सरोज खान यांचं नृत्यदिग्दर्शन ती पोकळी झाकतात, भरत नाहीत. १९५५ मध्ये हा भाग आहे. वैजयंतीमाला यांनी सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर पारितोषिक नाकारलं ते आपली भूमिका पारोच्या तोडीची आहे म्हणून. चंद्रमुखीचा प्रवास वाचून झाल्यावर त्यांचं म्हणणं पटतं. ‘पडद्यामागे’ यांच्या पाच प्रसंगांत हा सहावा घालाच, हवं तर बालपण कमी करा.

जाता जाता, मराठी मंडळींसाठी: २००२ च्या चित्रपटात माधुरीखेरीज स्मिता जयकर, अनन्या खरे, मिलिंद गुणाजी आणि विजयेंद्र घाटगे आहेत, आणि सेट देसाईंचे. चर्चा थंडावली तर एवढ्याने सुरू होईल.

---

उत्तर ४: पडद्यामागे

नारायणपेठ_वाचक, कारणसाखळीचा मुद्दा मान्य, आणि तो माझ्या यादीपेक्षा नेमका आहे. चंद्रमुखीचा प्रवास घ्यावाच. बालपण मात्र काढू नका. उतारा वाचा, आणि फीत फक्त १९५५ ची दाखवा.

एक भर. १९५५ चा चित्रपट थेट कादंबरीतून आलेला नाही, मध्ये प्रमथेश बारुआ आहेत. न्यू थिएटर्ससाठी त्यांनी १९३५ मध्ये बंगालीत स्वतः देवदास केला आणि १९३६ मध्ये हिंदीत सैगल यांना घेऊन. त्या हिंदी चित्रपटाचं छायाचित्रण बिमल रॉय यांचं होतं. जो माणूस १९३६ मध्ये कॅमेऱ्यामागे उभा होता, त्यानेच एकोणीस वर्षांनी पुन्हा तीच गोष्ट सांगितली. बारुआंनी केलेला एक प्रयोग सांगण्याजोगा आहे: आजारी देवदास ओरडतो, तिकडे दूर पार्वती अडखळते, इकडे देवदास रेल्वेच्या बाकावरून खाली पडतो. वेगवेगळ्या जागांची दृश्यं एका क्षणात शिवून दोन मनं जोडणं त्या काळात नवं होतं. कादंबरीत हे वाक्यांनी सांगावं लागतं. हिंदी आवृत्ती पाहायला मिळते, पण चित्र-आवाज कमकुवत आहेत. तेवढीच तीन-चार मिनिटांची फीत घ्या.

---

उत्तर ५: प्रभातनगरी

पुण्यात बसून ‘देवदास’ची चर्चा होते आणि ‘माणूस’ राहून जातो, असं होऊ देऊ नका. बारुआंच्या ‘देवदास’ने त्या काळच्या तरुणांवर मोठी मोहिनी घातली होती. प्रेमभंगात स्वतःला संपवण्याच्या त्या कल्पनेला उत्तर म्हणून शांतारामबापूंनी १९३९ मध्ये ‘माणूस’ केला, हिंदीत ‘आदमी’. चित्रीकरण प्रभातच्या स्टुडिओत, म्हणजे आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्याच आवारात. शाहू मोडक यांचा हवालदार गणपत आणि शांता हुबळीकर यांची मैना. इथेही समाजाला नामंजूर प्रेम आहे, दारू आहे, ताटातूट आहे. पण गणपत खचून पुन्हा उभा राहतो. संवाद अनंत काणेकरांचे, संगीत मास्टर कृष्णरावांचं. ‘कशाला उद्याची बात’ सगळ्यांना पाठ असतं, पण ते गाणं कोणत्या वादात म्हटलं गेलं हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

चौथ्या शनिवारी ‘देव डी’च्या आधी ‘माणूस’चा शेवट दाखवा. दोघेही देवदासला मरू देत नाहीत, दोघांची कारणं मात्र वेगळी आहेत. शांतारामबापूंच्या नायकाला जगणं हे कर्तव्य वाटतं. कश्यपच्या देवला तसं काही वाटत नाही. त्याची नशा उतरते आणि समोर चंदा असते.

अधिक वाचायचं असेल तर लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ग्रंथालयात जुनी चित्रपट-पुस्तिका आणि मासिकं बघण्यासाठी विचारा. आधी फोन करून वेळ ठरवून जा.

---

एरंडवणे_वाचनकट्टा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका उरल्या. ‘देव डी’ प्रौढांसाठीचा आहे आणि आमच्याकडे अकरावी-बारावीची मुलं येतात. आणि परवानगीचं काय? ओटीटीचं खातं लावून हॉलमध्ये दाखवलेलं चालतं का?

---

उत्तर ६: संकलनमेज

‘देव डी’ला ‘अ’ प्रमाणपत्र आहे, त्यामुळे अठराखालच्या मुलांसमोर नको. चौथ्या बैठकीचे दोन भाग करा: पहिला तास ‘माणूस’ आणि कादंबरीचा शेवट, सगळ्यांसाठी. मध्यंतरानंतर ‘देव डी’, फक्त मोठ्यांसाठी, आणि हे आमंत्रणातच लिहा. त्यात पारो, चंदा आणि देव असे तीन भाग आहेत. मधला चंदाचा भाग आणि शेवट एवढं पुरे. अमित त्रिवेदींच्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे. वरच्या पाच टिपणांपैकी गाण्याचा प्रश्न इथे सर्वांत जास्त कामाला येतो, कारण पात्रं क्वचितच गातात; गाणं त्यांच्या डोक्यात चालू असल्यासारखं येतं.

परवानगीबद्दल: ओटीटीचं घरगुती खातं सार्वजनिक प्रदर्शनासाठी नसतं. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. म्हणजे चित्रपट म्हणून १९३६, १९३९ आणि १९५५ यांची मुदत संपलेली आहे, २००२ आणि २००९ यांची नाही. त्या दोन्हींसाठी हक्कधारकांना लिहा. पत्रात तारीख, जागा, प्रेक्षकसंख्या, प्रवेशशुल्क नाही हे, आणि नेमकी किती मिनिटं दाखवणार हे स्पष्ट असू द्या. १९५५ साठीही एक ध्यानात घ्या: साहिर यांची गीतं आणि सचिनदेव बर्मन यांचं संगीत या स्वतंत्र कृती आहेत, त्यांची मुदत गीतकार-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं चालते. म्हणून बैठकीचं चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकू नका. गाण्याचा तुकडा आला तरी ते उतरवलं जाऊ शकतं.

परवानगी वेळेत आली नाही तर त्या दोन चित्रपटांचे प्रसंग लोकांनी घरी बघावेत. वेळांचा कागद सगळ्यांना आठवडाभर आधी पाठवा आणि हॉलमध्ये फक्त उतारा वाचून टिपणांवर बोला.